गुणसूत्रातला गुण

ऐरोलीहून एका संशोधक विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. प्रबंधाच्या मराठी सारांशात तिने 'पिकांवर रोग आणणाऱ्या बुरशींच्या गुणसूत्रांची त्रिमितीय घडी' असं लिहिलं. मार्गदर्शकांनी 'घडी' खोडली आणि 'गुणसूत्र' काढून 'रंगसूत्र' घाला म्हणाले. बरोबर काय?

आधी गुणसूत्र, कारण त्यावरून माझं डोकं गेल्याच महिन्यात फिरलंय. वाशीच्या एका सभागृहात वक्ते 'यशाचं गुणसूत्र' सांगत होते. गुण म्हणजे मार्क आणि सूत्र म्हणजे फॉर्म्युला! लोक लिहूनही घेत होते.

रंगसूत्रवाल्यांचं म्हणणं पाठ आहे मला. गुणसूत्राचा इंग्रजी शब्द क्रोमोसोम, तो जर्मन शास्त्रज्ञ वाल्डायरने १८८८ मध्ये ग्रीकवरून घडवला, क्रोमा म्हणजे रंग, म्हणून मराठीतही रंग हवा. ठीक, पण सोमा म्हणजे शरीर. त्याचं सूत्र कसं झालं? शब्दाला शब्द ठेवायचा तर 'रंगदेह' म्हणा आणि मोकळे व्हा. शिवाय तो रंग सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीवर आपणच ओतलेला. त्या बिचाऱ्याला स्वतःचा रंग नाही.

आता खरी गंमत. संस्कृतात 'गुण' म्हणजे दोरा, दोरीचा एक पदर! अमरकोशात धनुष्याच्या दोरीच्या नावांत 'गुण' आहे. बंगालीत काठावरून नाव ओढायच्या दोराला आजही 'गुण' म्हणतात. द्विगुण म्हणजे दोन पदरांचं, म्हणून दुप्पट, गुणाकार तिथलाच. पाढ्यातलं 'बे दुणे चार' घ्या, त्यातलं 'दुणे' म्हणजे झिजलेलं 'द्विगुण'. लग्नपत्रिकेत आनंद 'द्विगुणित' होतो तेव्हा खरं तर त्याला दुसरा पदर वळला जातो. सूत्र तर 'सिव्' म्हणजे शिवणे, यातून आलेलं. म्हणजे गुणसूत्र झालं दोऱ्याचा दोरा, आणि आत डीएनएचे दोन पदर एकमेकांना पीळ देऊन बसलेले! शब्द घडवणाऱ्याच्या मनात 'आनुवंशिक गुण' एवढंच असणार, हे मान्य. पण इतका नेमका बसलेला योगायोग मी सोडणार नाही. एक कोशकार मित्र याला 'ओढूनताणून' म्हणतात. दोरा ओढून-ताणूनच बघायचा असतो, असं मी त्यांना कळवलंय.

गव्हाच्या पानांवर डाग पाडणाऱ्या झायमोसेप्टोरिया ट्रिटिसीच्या प्रमाण वाणात २१ गुणसूत्रं असतात आणि त्यातली ८ गळाली तरी बुरशी जगते. पदर सुटले, दोर शाबूत. 'रंग' म्हणून हे सांगून दाखवा.

हो, घडी राहिली. भातावर करपा आणणारी बुरशी घ्या. मुरबाड-शहापूरकडे करपा कुणाला समजावून सांगावा लागत नाही. तिच्या सात गुणसूत्रांत मिळून डीएनएची सुमारे चार कोटी अक्षरं. सरळ ताणली तर सव्वा सेंटीमीटरहून जास्त दोरा, आणि तो मावतो मिलिमीटरच्या एक-दोन हजारांश भागाएवढ्या, पेशीच्या केंद्रकात. घडी साडीची होते, वर्तमानपत्राची होते, दोऱ्याची नाही. दोऱ्याची गुंडाळी होते.

ठाण्याच्या जांभळी नाक्यावर गजरेवालीसमोर दोन मिनिटं उभ्या राहा. हातभर गजरा ती केळीच्या पानावर वेटोळं करून ठेवते, आणि पहिली कळी मधल्या कुठल्यातरी कळीला जाऊन टेकते. लांबीने दूर, गुंडाळीने शेजारी. २००९ मध्ये आलेलं हाय-सी तंत्र हेच मोजतं: फॉर्मॅल्डिहाइडने दोरा आहे तसा जखडायचा, कापायचा, शेजारची टोकं जोडायची, मग कोण कुणाला टेकलं होतं ते वाचायचं. बुरशींमध्ये बहुधा सगळ्या गुणसूत्रांचे सेंट्रोमियर, म्हणजे पेशी विभागताना गुणसूत्र जिथे धरून ओढलं जातं ते भाग, एका जागी गोळा झालेले दिसतात. पिकाला नाडणाऱ्या प्रथिनांची जनुकं पुष्कळदा दोऱ्याच्या टोकांशी किंवा उड्या मारणाऱ्या जनुकांच्या गर्दीत असतात, जिथे गुंडाळी घट्ट आणि जनुकं गप्प. बुरशी पानात शिरली की त्यातली काही बोलू लागतात.

तेव्हा 'गुणसूत्रांची त्रिमितीय गुंडाळी' लिहा. घडी खोडली ते योग्यच. रंगसूत्राचा आग्रह धरलाच, तर मार्गदर्शकांना बे दुणे किती ते विचारा.