‘एरियल’ म्हणजे हवेतले की हवेचे?

प्रश्न : माझी मुलगी इंग्रजी माध्यमात नववीत शिकते. तिच्या जीवशास्त्रात वडाच्या पारंब्यांना ‘एरियल रूट्स’ म्हणतात, भूगोलात ‘एरियल फोटोग्राफ’ येतात आणि माझे वडील जुन्या टीव्हीच्या गच्चीवरील दांड्यांनाही एरियलच म्हणतात. या सर्वांचा हवेशी संबंध सारखाच आहे का? (एक पालक, सातारा)

उत्तर : सारखा नाही. बहुतेक विषयांत हा शब्द वस्तू कोठे आहे एवढेच सांगतो. ती कोणते काम करते, हे त्यावरून कळत नाही. ‘हवाई मुळे हवेतून अन्न घेतात’ असे मुले उत्तरपत्रिकेत लिहितात, ते यामुळेच.

वनस्पतिशास्त्रात जमिनीखाली न राहता उघड्यावर वाढणारे मूळ ते हवाई मूळ. वडाची पारंबी फांदीतून फुटते, खाली लोंबत येते आणि जमिनीत रुजली की जाड होऊन खांबासारखा फांदीचा भार पेलते. हावड्याच्या वनस्पती उद्यानातील प्रसिद्ध महावटवृक्षाचे मुख्य खोड बुरशीने कुजल्यामुळे १९२५ मध्ये काढून टाकावे लागले, तरीही तो वृक्ष केवळ पारंब्यांच्या बळावर आजही विस्तारतो आहे. झाडांवर वाढणाऱ्या आमरींची, म्हणजे ऑर्किडची, लोंबती मुळे मात्र मातीपर्यंत जाण्याच्या खटपटीतच पडत नाहीत. त्यांच्यावरील मृत पेशींचे पांढरट आवरण पावसाचे पाणी टिपून घेते. कोकणच्या खाड्यांतील तिवराची तऱ्हा याहून वेगळी आहे. भरतीच्या चिखलात प्राणवायू अत्यल्प असल्याने त्याची श्वसनमुळे चिखलातून उलटी वर येतात आणि ओहोटीच्या वेळी त्यांवरील सूक्ष्म छिद्रांतून हवा आत जाते. हवेशी खरा व्यवहार करणारी मुळे ती हीच, म्हणून मुलीला शक्य असेल तर एकदा ओहोटीच्या वेळी खाडीकाठी अवश्य न्यावे.

गच्चीवरील एरियलबाबत गैरसमज याहून मोठा आहे. ते हवेतून लहरी ‘ओढते’ असे अनेकांना वाटते. परंतु रेडिओलहरींना प्रवासासाठी हवेची गरजच नसते. नारायणगावजवळील खोडद येथील महाकाय दुर्बिणीच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना निर्वात अवकाशातून आलेल्या लहरीच टिपतात. बिनतारी संदेशांच्या आरंभकाळात मार्कोनीसारखे संशोधक लांब तार उंचावर टांगत असत आणि त्या टांगलेल्या तारेला हे नाव मिळाले. उंचीइतकेच महत्त्व लांबीला असते : १,००० किलोहर्ट्झच्या प्रक्षेपणाची तरंगलांबी ३०० मीटर असते आणि तिच्या चतुर्थांश म्हणून मनोरा सुमारे ७५ मीटरचा लागतो. टीव्हीच्या लहरी पुष्कळ आखूड असल्याने तेथे हातभर-दोन हातांच्या दांड्या पुरत. आपल्या वडिलांच्या गच्चीवरील रचना बहुधा यागी आणि उदा या जपानी संशोधकांनी १९२६ मध्ये मांडलेल्या पद्धतीची असावी. तिच्यातील सर्वांत लांब दांडी मागे आणि आखूड दांड्या प्रक्षेपण केंद्राच्या दिशेने ठेवाव्या लागतात, म्हणून वाऱ्याने ती फिरली की चित्र बिघडे.

भूगोलात हवेत असतो तो कॅमेरा. सरळ खाली रोखून घेतलेल्या छायाचित्राचे प्रमाण, जमीन सपाट असल्यास, भिंगाच्या नाभीय अंतराला विमानाच्या जमिनीपासूनच्या उंचीने भागून मिळते; १५ सेंटिमीटर नाभीय अंतर आणि ३,००० मीटर उंची असल्यास ते १ : २०,००० येते. तिरप्या छायाचित्राला मात्र असे एकच प्रमाण लागू पडत नाही.

स्वतः हवाच काम करते असा वापर हवा असेल, तर तो चित्रकलेत सापडेल. दूरचे डोंगर निळसर व फिकट दिसतात, कारण मधल्या हवेत विखुरलेला प्रकाश त्यांच्या रंगात मिसळतो. लिओनार्दो दा विंचीने याचा बारकाईने विचार केला होता आणि या तंत्राला ‘एरियल पर्स्पेक्टिव्ह’ म्हणतात. आपल्या मुलीला चित्रकलेची आवड असल्यास तिने सह्याद्रीच्या मागच्या रांगा गडद हिरव्याने न रंगवता प्रत्येक रांगेगणिक रंगात थोडा निळा आणि थोडा पांढरा वाढवत जावे.