‘आता भीती नाही वाटत’ असं लिहिण्याआधी

अगं,

जुन्या हॉरर पिक्चरांवरचे तुझे सगळे रिव्ह्यू वाचले, एकदा सलग आणि मग एकदा हातात पेन घेऊन. लिहितेस छान, गोष्ट तीन-चार ओळींत आटपतेस हे तर फारच चांगलं, नाहीतर लोक अर्धा रिव्ह्यू कोणाचा मुडदा कसा पडला हेच सांगत बसतात. पण प्रत्येक रिव्ह्यूच्या शेवटी शेवटी एक वाक्य येतंच येतं, ‘त्या काळी लोक घाबरले असतील, आता काही भीती वाटत नाही’. असेल बाई. नाही वाटली तुला भीती, मान्य. पण वाचणाऱ्याला त्यातून पिक्चरचं काय कळलं? तू धीट आहेस एवढंच कळलं.

माझं म्हणणं एकच आहे, की त्या पिक्चरने भीती कुठे ठेवलीय ती जागा आधी शोध. कॅमेऱ्यात आहे, आवाजात आहे, उजेडात आहे, का घरच्या पैशाच्या ओढाताणीत आहे. ती जागा सापडल्यावरही तुझ्यावर काही परिणाम झाला नाही तर खुशाल लिही की चाललं नाही, पण मग का नाही चाललं हेही तुला लिहिता येईल, आणि तो खरा रिव्ह्यू.

‘हॅलोविन’ घे, १९७८ चा, जॉन कार्पेंटरचा. तू लिहिलंयस की पहिला तासभर काही होतच नाही. आता खरं सांग, कशावर बघितलास? फोनवर, आणि मधेमधे दीडपट स्पीडने, बरोबर ना? कारण त्या तासात जे काही होतं ते फ्रेमच्या कडेला होतं. पिक्चर पॅनाव्हिजनच्या रुंद फ्रेममध्ये काढलाय, २.३५ ला १ असं त्याचं प्रमाण, आणि तो मास्क घातलेला खुनी कधी कुंपणाच्या झुडपापाशी, कधी वाळत घातलेल्या कपड्यांच्या मधे नुसता उभा असतो, परत बघावं तर नसतो. जुन्या टीव्हीच्या चौकोनात बसवायला ही फ्रेम कापली की ४० टक्क्यांहून जास्त चित्र जातं, आणि जातं ते नेमकं कडेचं. म्हणजे कॅसेटवरून उतरवलेली कापलेली कॉपी बघून कोणी लिहिलं की काही होत नाही, तर त्याच्यापुरतं ते खरंच आहे, फक्त त्याने पिक्चर बघितलेलाच नाही. वर अजून एक भानगड आहे, १९८१ मध्ये अमेरिकन टीव्हीवर दाखवताना वेळ भरायला म्हणून जास्तीचे सीन काढून घातले, ते दुसऱ्या भागाच्या शूटिंगच्या वेळी काढलेले, तर ती लांबवलेली कॉपीही फिरत असते. तेव्हा लिहायला बसण्याआधी आपण कुठली कॉपी बघितली, किती मिनिटांची, कुठल्या भाषेतली, हे वहीत लिहून ठेवायचं. कंटाळवाणं काम आहे पण करायचं.

आता त्यातला तो सीन परत बघ, लॉरी, म्हणजे नायिका, हुंदके देत भिंतीला टेकून उभी आहे आणि तिच्या शेजारी दाराची चौकट नुसती काळी मिट्ट. काही सेकंद काहीच नाही. मग त्या काळोखात पांढरा चेहरा दिसायला लागतो, उडी मारून येत नाही, आपोआप दिसायला लागतो. कॅमेरामन डीन कंडी, त्याने मास्कवर एक बारीक लाइट ठेवला होता आणि डिमरने तो हळूहळू वाढवला, बास. काळोखाला डोळे सरावल्यावर जसं होतं ना तसं, म्हणजे प्रेक्षकाला वाटतं की अरे हा तर मघापासून इथेच होता, मलाच दिसला नाही. हे दोन वाक्यांत लिहिता आलं की तुझ्या वाचकाला पिक्चर न बघता कळतं की भीती कशाची होती. रक्त तर त्या पिक्चरमध्ये जवळजवळ नाहीच.

आणि आवाज. कार्पेंटरने स्वतःच सांगितलंय की संगीत न घालता त्याने पिक्चर स्टुडिओतल्या एका बाईंना दाखवला तेव्हा त्या जराही घाबरल्या नाहीत, मग त्याने ठरवलं की आता हा पिक्चर संगीतानेच वाचवायचा. ती पियानोची धून मोजून बघ, तू तबला शिकलीयस म्हणून सांगतोय. मात्रा दहाच, झपतालासारख्या, पण झपताल २-३-२-३ चालतो आणि ही ३-३-२-२ जाते, त्यामुळे पाय सरळ पडतच नाही, सारखं वाटतं की काहीतरी अर्धवट राहिलं. आता एक सीन म्यूट करून बघ, मग परत आवाज लावून बघ, आणि फरक काय पडला ते लिही. असं कुणी मराठीत लिहिलेलं मी तरी वाचलेलं नाही, तू लिही की.

ट्रिव्हिया मात्र कमी कर गं. तो मास्क ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा होता, दोन डॉलरच्या आत मिळाला आणि पांढरा रंगवला, हे आता शाळेतल्या पोरांनाही माहितीय. पिक्चर जेमतेम ३ लाख डॉलरच्या आसपास झाला, कॅलिफोर्नियात वसंतात शूटिंग आणि गोष्ट इलिनॉयमधल्या ऑक्टोबरची, म्हणून रंगवलेली पानं रस्त्यावर टाकायची आणि शॉट झाला की गोळा करून पुढच्या शॉटला परत वापरायची. मस्त किस्सा आहे, पण रिव्ह्यूत तेव्हाच घाल जेव्हा त्याने पडद्यावरचं काहीतरी उलगडतं. मास्कवर काही हावभावच नाहीत म्हणून आपण आपलीच भीती त्याच्यावर चढवतो असं काही म्हणायचं असेल तर घे मास्कचा किस्सा. नाहीतर सोड.

बाकी न आवडणं हा काही गुन्हा नाही, घाबरू नकोस. दोघेही अमेरिकेतले नावाजलेले समीक्षक, पण पॉलीन केलने ‘हॅलोविन’ झोडपला होता आणि रॉजर ईबर्टने डोक्यावर घेतला होता, पिक्चर तोच. हाच ईबर्ट आणि त्याचा जोडीदार जीन सिस्केल यांनी १९८० मध्ये टीव्हीवर अख्खा एक एपिसोड केला, बायकांची शिकार दाखवणाऱ्या पिक्चरांच्या विरोधात, आणि त्यातही ‘हॅलोविन’ला त्या यादीतून वगळलं. ईबर्टचा मुद्दा साधारण असा की त्या बाकीच्या पिक्चरांत कॅमेरा आपल्याला खुन्याच्या जागी बसवतो. आता गंमत बघ, ‘हॅलोविन’ची सुरुवातच खुन्याच्या डोळ्यांतून आहे, तो लांबलचक सलग वाटणारा शॉट, पुढे मुखवट्याच्या दोन भोकांतून दिसणारा. मग कॅमेरा त्याला सोडून लॉरीच्या बाजूला कधी जातो? जातो का खरंच? तू ‘आजच्या काळात प्रॉब्लेमॅटिक’ एवढं लिहून पुढे गेलीस, तिथे थांबायला हवं होतंस. उत्तर तुझं काहीही असू दे, पण सीन दाखवून दे.

‘सस्पिरिया’वर (१९७७, दारिओ अर्जेंतो) तू म्हणालीस की ओठ आणि आवाज जुळत नाहीत, बी ग्रेड वाटतं. हे काढून टाक. त्या काळात इटलीत बहुतेक पिक्चर नंतर डब व्हायचे, सेटवर प्रत्येकजण आपापल्या भाषेत बोलायचा, आणि आपल्या हिंदी पिक्चरांचंही तेच होतं, ‘शोले’ बघताना नाही गं तुला ओठ दिसत. त्यापेक्षा रंग बघ. कॅमेरामन लुचानो तोवोलीने दिव्यांपुढे मखमल आणि पातळ कागद लावून तो लाल-निळा-हिरवा आणलाय, अर्जेंतोने त्याला डिस्नेची ‘स्नो व्हाइट’ डोळ्यासमोर ठेवायला सांगितली होती, आणि प्रिंट काढल्या त्या टेक्निकलरच्या जुन्या डाय ट्रान्सफर पद्धतीने, म्हणजे फिल्मवर एकेक रंग ठशासारखा उमटवून, जी तोपर्यंत अमेरिकेत बंद पडली होती. अजून एक बघ, गोष्ट जिथे घडते त्या डान्स अकॅडमीतल्या दरवाजांचे हँडल जरा जास्तच वर आहेत. अर्जेंतोला आधी लहान मुली घ्यायच्या होत्या, ते जमलं नाही, मग मोठ्या मुली घेतल्या, संवाद तसेच ठेवले आणि हँडल वर नेले. म्हणून त्या विशीतल्या मुली एकमेकींना जीभ दाखवत भांडतात ते तुला ‘खराब लेखन’ वाटलं. ते परीकथेतल्या पोरींचं भांडण आहे, चेटकिणीच्या घरातलं. गोष्टीत लॉजिक नाही ही तक्रार मात्र राहू दे, ती मलाही आहे.

‘अ‍ॅमिटीव्हिल हॉरर’ (१९७९) लवकर उरकतो कारण पिक्चर म्हणून मला तो सुमारच वाटतो. ‘सत्यकथा’ असं छापलंय म्हणून तू ते जसंच्या तसं उचललंस, हे चालणार नाही. त्या घरात नोव्हेंबर १९७४ मध्ये एकाच घरातले ६ जण मारले गेले हे खरं, कोर्टात शाबित झालेलं. नंतर आलेलं कुटुंब २८ दिवसांत घर सोडून गेलं हेही खरं. पण भुताटकीचं जे काय ते त्यांचं सांगणं, आणि खुन्याच्या वकिलानेच १९७९ मध्ये सांगून टाकलं की वाइनच्या बाटल्या रिकाम्या करत ही गोष्ट मी आणि त्या कुटुंबाने बसून रचली. तेव्हा ‘असा दावा आहे’ असं लिही. या पिक्चरवर सगळ्यात भारी बोललाय तो भयकथा लिहिणारा स्टीफन किंग, १९८१ च्या पुस्तकात, त्याचं म्हणणं ही घराच्या हप्त्यांची भीती आहे, थिएटरमध्ये घर कोसळायला लागलं तेव्हा त्याच्या मागची बाई म्हणे बिलांचा विचार करत पुटपुटत होती. आणि पटतं ते, लग्नाच्या केटररला द्यायचे १५०० डॉलर घरातल्या घरात गायब होतात तो सीन त्या भिंतीवर घोंघावणाऱ्या माशांपेक्षा जास्त लागतो. १९७९ मध्ये अमेरिकेत घरकर्जाचा व्याजदर ११ टक्क्यांच्या आसपास होता. आपल्याकडे ईएमआय भरणाऱ्या कुठल्याही माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

थिअरी वाचतेयस ते चांगलंय. समीक्षक रॉबिन वुडने १९७९ मध्ये टोरांटोच्या फेस्टिव्हलमध्ये अमेरिकन हॉररचा खास विभाग केला होता, समाज जे दाबून ठेवतो तेच राक्षस होऊन परत येतं हे त्याचं म्हणणं. जरूर वाच. फक्त प्रत्येक पिक्चरला ‘व्हिएतनाम आणि वॉटरगेटनंतरची अस्वस्थता’ हे लेबल चिकटवू नकोस, ते आता इतकं झालंय की वाचणारा ती ओळ उडी मारूनच पुढे जातो.

आता आपल्याकडचं. रामसेंच्या ‘दरवाजा’वर (१९७८) तू जी टवाळी केलीयस ती वाचून हसलो, खोटं कशाला बोलू, पण ती कोणीही करू शकतं. सात भाऊ, गंगू कॅमेऱ्यावर, किरण साउंडला, अर्जुन एडिटिंगला, तुलसी-श्याम डायरेक्शनला, आणि असं घरच्या घरात वर्षानुवर्षं पिक्चर काढत राहिले. कार्पेंटरला लावलीस तीच मोजपट्टी इथे लाव ना. कॅमेरा कुठे, लाइट कुठून, दरवाजा उघडायच्या आधी किती वेळ थांबवलंय. मग नाही जमलं तर नाही जमलं लिही, पण कॉमेडी शो करू नकोस.

आणि ‘गहराई’ अजून बघितला नाहीस हे कसं काय? १९८०, अरुणाराजे आणि विकास देसाई, लेखनात विजय तेंडुलकर. बंगळूरला राहणारा सुशिक्षित बाप गावाकडची जमीन विकतो आणि मुलीला काहीतरी झपाटतं, मुलगी पद्मिनी कोल्हापुरे, भाऊ अनंत नाग, आणि बाप म्हणजे डॉक्टर लागू. ‘देवाला रिटायर करा’ म्हणणारा माणूस इथे कशावरच विश्वास न ठेवणारा बाप होऊन मांत्रिकांच्या रांगेत उभा आहे, हे त्यांना बघितलेल्या मराठी प्रेक्षकाला जसं लागतं तसं बाकी कोणाला लागणार नाही, आणि ते तू लिहू शकतेस. सगळे त्याला ‘एक्झॉर्सिस्ट’ या झपाटलेल्या मुलीच्या अमेरिकन पिक्चरची कॉपी म्हणून मोकळे होतात. तिकडे चर्चचा पाद्री येतो, इकडे मुलीच्या तोंडून बापाची जुनी पापं बाहेर यायला लागतात, आणि प्रश्न जमिनीचा, ती कसणाऱ्यांचा, त्यांच्या बायकांचा होऊन बसतो. भीती कुठे ठेवलीय ते शोध म्हणालो ना, इथे ती घरातल्या कर्त्या माणसाच्या इभ्रतीत ठेवलीय. यावर १००० शब्द लिही, कमी नाही.

जमलं तर ‘हा खेळ सावल्यांचा’ही (१९७६) घे, काशिनाथ घाणेकर आणि आशा काळे. त्याची गाणी घरोघरी पाठ आहेत, ‘गोमू संगतीनं’ तर लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजतं, पण तो भुताच्या धास्तीवर चाललेला पिक्चर आहे हे कितीजणांना आठवतं? गाण्यांनी त्या भीतीचं काय केलं, वाढवली का घालवली, हा तुझा विषय होऊ शकतो.

तू विचारलंयस ते दोन प्रश्न राहिले. स्टार द्यायचे का, तर नको, निदान जुन्या पिक्चरांना नको, तिकीट काढायचं का नाही हे आता कोणाला ठरवायचं नाहीये. आणि स्पॉयलर, तर ‘जानी दुश्मन’मधला (१९७९) राक्षस कोण हे एवढी वर्षं झाली तरी सांगायचं नाही, ‘गहराई’चा शेवटही नाही, पण शेवटाबद्दल काही म्हणणं असेल तर खाली वेगळा भाग कर आणि वर ठळक लिही की पुढे शेवट सांगितलाय. ड्राफ्ट मला आधी पाठव, वर्षं आणि नावं दोनदा तपासून, गेल्या वेळी अर्जेंतोचं नाव तू एकाच लेखात तीन तऱ्हांनी लिहिलं होतंस.