कंट्रोल उंदरांतही ट्रोपोनिन चढा का?

प्रश्न : एम.फार्म.च्या प्रबंधासाठी उंदरांना आयसोप्रोटेरेनॉल (हृदयाच्या स्नायूला इजा करण्यासाठीचं औषध) दिलं आणि शेवटच्या डोसनंतर 24 तासांनी थेट हृदयातून रक्त काढलं. एलायझात (प्रथिन मोजण्याच्या किटच्या चाचणीत) ट्रोपोनिन आय, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणारं प्रथिन, कंट्रोल (औषध न दिलेल्या) गटातही चढाच आला, गटांत फरक दिसेना. किट खराब समजायचं का?
– एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : किटवर खापर फोडण्याआधी सुई कुठे टोचली ते पाहा. हृदयात सुई घुसली की तिथला स्नायू फाटतो आणि त्यातला ट्रोपोनिन सिरिंजमध्ये उतरतो. दोन-तीनदा टोचावं लागलं असेल तर विचारूच नका. पूर्ण भूल देऊन पोट उघडा, पाठीच्या कण्यालगतच्या महाशिरेतून 25 गेजच्या सुईने सावकाश रक्त ओढा. जोरात ओढलं तर शीर चिकटते आणि तांबड्या पेशी फुटतात. नळीत रक्त सोडताना सुई काढून ठेवा. सीरम (रक्त गोठल्यावर सुटणारा पातळ भाग) गुलाबी दिसलं तर तशी नोंद करा. असे नमुने दगा देतात.

पंचवीस ग्रॅमच्या उंदरातून साधारण 0.7 मिली रक्त मिळतं, त्यातून सीरम जेमतेम 0.3 मिली. अर्धा तास गोठू द्या, मग 2000 जी वर 10 मिनिटं फिरवा. इथे जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पटीतला जोर, आरपीएम (मिनिटाला फेरे) नव्हे! सीरमचे छोटे भाग करून उणे 80 अंशांवर ठेवा. वीज गेल्यावर वितळून पुन्हा गोठलेला नमुना वापरू नका.

दुसरी शंका वेळेची. आयसोप्रोटेरेनॉलनंतर ट्रोपोनिन काही तासांतच शिखर गाठतो आणि 24 तासांत बराच उतरतो. म्हणजे कंट्रोल सुईमुळे वर गेला, औषधाचा गट वेळेमुळे खाली आला. 4 तासांचा वेगळा गट ठेवा.

किट उंदरासाठीचंच हवं. दवाखान्यातल्या माणसांसाठीच्या झटपट चाचणी-कार्डावर विसंबू नका. सोलापूरच्या मे महिन्यात ‘रूम टेम्परेचर’ 40 अंशांपर्यंत जातं, किटला 25च्या आत लागतं. एसी लावा, पण प्लेट (नमुने भरायची खाचांची पट्टी) झोताखाली नको. कडेच्या खाचांत रंग वेगळा येतो. दोन्ही गट एकाच प्लेटवर, प्रत्येक नमुना दोन खाचांत. सर्वांत कमी स्टँडर्डच्या (किटमधल्या ठरावीक प्रमाणाच्या नमुन्याच्या) खालचं वाचन शून्य न लिहिता ‘मापनमर्यादेखाली’ लिहा.

जुन्या आकड्यांतून सुईचा वाटा वजा करता येत नाही. हृदयं फॉर्मेलिनमध्ये असतील तर हिस्टोपॅथॉलॉजी (स्नायूची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी) करून घ्या. नव्या पद्धतीला प्राणी-नैतिकता समितीची सुधारित मंजुरी आधी लागेल.