रेडमी नोट 7 प्रोवर लिनिएजओएस टाकायचंय, त्याआधी फोनची काय तयारी करावी?

तुम्ही लिहिलंय की फोन अजून ठणठणीत आहे, पण कंपनीचे अपडेट अँड्रॉइड 10 वरच थांबलेत, आणि फोनमधलं काहीही न गमावता तुम्हाला रॉम, म्हणजे फोनची अख्खी सिस्टिम, बदलून लिनिएजओएस ही अँड्रॉइडवर आधारित मोफत सिस्टिम टाकायचीय. फोनमधलं सगळं फोनमध्येच राहील, ही अपेक्षा आधी सोडा. रॉम बदलायला बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारा आणि कोणती सिस्टिम चालू द्यायची ते ठरवणारा प्रोग्रॅम, अनलॉक करावा लागतो, आणि तो अनलॉक होताना फोन पूर्ण पुसला जातो. अनलॉक फोनवर कुणीही काहीही चढवू शकतं, म्हणून आतला डेटा आधी नष्ट व्हावा अशी ती मुद्दाम केलेली व्यवस्था आहे. त्यामुळे बॅकअप घ्यायचा तो अनलॉकच्या आधी. रॉम चढवायच्या दिवशी घेण्यासारखं काही उरलेलंच नसतं.

शाओमीच्या फोनवर यासाठी सवड आपोआप मिळते. सेटिंग्जमधल्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ओईएम अनलॉकिंग चालू करा, वायफाय बंद ठेवून सिमच्या डेटावर तिथल्याच 'एमआय अनलॉक स्टेटस'मध्ये तुमचं शाओमीचं खातं जोडा. तिथून साधारण 168 तास, म्हणजे आठवडाभर थांबावं लागतं, मगच अनलॉक करता येतं. मध्येच खातं काढून परत जोडू नका, मोजणी पहिल्यापासून सुरू होते. लोक या आठवड्यावर चिडतात. मला तो फार मोलाचा वाटतो, कारण खरी तयारी त्यातच होते.

फोटो आणि संपर्क सगळ्यांनाच सुचतात. राहून जातात ते लॉगिनचे कोड. ऑथेंटिकेटर अ‍ॅपमधले (लॉगिनच्या वेळी बदलते कोड दाखवणाऱ्या अ‍ॅपमधले) कोड दुसऱ्या फोनवर क्यूआरने हलवा आणि तिथे ते चालतात का हे एकदा लॉगिन करून बघा. गुगल खात्याचे 8 अंकी बॅकअप कोड कागदावर लिहून ठेवा. नाहीतर फोन पुसल्यावर गुगल तुम्हाला ओळख पटवायला त्याच पुसलेल्या फोनवर सूचना पाठवेल. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप एन्क्रिप्टेड असेल तर त्याचा पासवर्ड किंवा 64 अंकी की हाताशी हवी. ती हरवली तर बॅकअप असून नसल्यासारखा. शिवाय अँड्रॉइड फोल्डरच्या आत मीडियामध्ये व्हॉट्सअ‍ॅपचं फोल्डर असतं, ते अख्खं कॉम्प्युटरवर कॉपी करा. कॉपी झाल्यावर चारदोन फोटो तिथे उघडून बघायला विसरू नका.

पैशांचं आधीच स्पष्ट सांगतो. बूटलोडर अनलॉक असला की गुगलच्या प्ले इंटिग्रिटी तपासणीत, म्हणजे फोनमध्ये फेरफार झालाय का हे बघणाऱ्या तपासणीत, फोन नापास होऊ शकतो, आणि मग काही बँकांची अ‍ॅप उघडत नाहीत. भाजीपासून वीजबिलापर्यंत सगळं यूपीआयवर असेल, तर बँकेतल्या नंबरचं सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून तिथे यूपीआय आधी सुरू करा. दुसरा फोन नसेल तर रॉम टाकू नका, हे माझं ठाम मत आहे.

रॉमची फाइल उतरवताना फोनचं सांकेतिक नाव बघा. तुमचा 'व्हायोलेट', साधा नोट 7 'लॅव्हेंडर'. नावात एका शब्दाचा फरक असला तरी आतली चिप वेगळी आहे. फास्टबूटमध्ये, म्हणजे फोन केबलने कॉम्प्युटरच्या आज्ञा घेतो त्या मोडमध्ये, कॉम्प्युटरवरून 'गेटव्हार प्रॉडक्ट' (getvar product) विचारलं की फोन स्वतःच नाव सांगतो. लिनिएजच्या पानावर मूळ फर्मवेअर (कंपनीचं आतलं सॉफ्टवेअर) कोणत्या अँड्रॉइडचं हवं ते लिहिलेलं असतं, तेही जुळवा. फाइल धड उतरली का हे कळायला तिचा एसएचए-256 चेकसम, म्हणजे फाइलची ओळख पटवणारा लांबलचक कोड, पानावरच्या कोडशी ताडून बघा. गुगलची अ‍ॅप हवी असतील तर त्यांचं पॅकेजही आत्ताच उतरवा, कारण ते रॉमनंतर लगेच, पहिल्यांदा फोन सुरू होण्याआधी चढवावं लागतं.

अनलॉक झाल्यावर आणि रॉम चढवण्याआधी एक काम उरतं, ते टाळू नका. टीडब्ल्यूआरपीसारख्या रिकव्हरीतून (सिस्टिमबाहेर चालणाऱ्या, बॅकअप आणि रॉम चढवण्याच्या प्रोग्रॅममधून) ईएफएस आणि पर्सिस्ट या पार्टिशनचा, म्हणजे स्टोरेजमधल्या वेगळ्या कप्प्यांचा, बॅकअप घेऊन कॉम्प्युटरवर ठेवा. ईएफएसमध्ये आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) आणि नेटवर्कची माहिती असते, पर्सिस्टमध्ये सेन्सरचं कॅलिब्रेशन. हा डेटा प्रत्येक फोनचा स्वतःचा असतो. बिघडला तर दुसऱ्याचा मागून चालत नाही. आयएमईआय *#06# दाबून वेगळा लिहून ठेवा.

केबल डेटावाली आणि धड असू द्या, फोन निदान अर्धा चार्ज. नव्या कॉम्प्युटरवर फास्टबूट अडलं तर यूएसबी 2.0 पोर्ट किंवा हब वापरून बघा.

परतीचा रस्ता म्हणून तुमच्या फोनच्याच प्रदेशाचा (उदाहरणार्थ भारताचा) शाओमीचा मूळ फास्टबूट रॉमही उतरवून ठेवा. तो कधी चढवायची वेळ आली तर एमआय फ्लॅश या शाओमीच्या कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रॅमच्या खिडकीत तळाशी 'क्लीन ऑल अँड लॉक' आधीच निवडलेलं असतं, ते बदलून 'क्लीन ऑल' करा. चुकीच्या प्रदेशाचा रॉम असताना किंवा कस्टम रॉमवर बूटलोडर लॉक झाला, तर फोन सुरूच होत नाही. मग ईडीएल मोडमधून (चिपच्या आणीबाणीच्या दुरुस्ती मोडमधून) सोडवायला शाओमीची परवानगी असलेलं खातं लागतं, आणि ते आपल्यासारख्यांकडे नसतं.