वाचकांचे प्रश्न : घळईतली सायकल सहल आणि चढाईचे दोन आकडे

प्रश्न : जोडून आलेल्या तीन सुट्ट्यांत आम्ही अकरा जण एका नदीच्या घळईतून सायकल सहल करणार आहोत. रोज 80 किलोमीटर आणि तेही प्रवाहाच्या दिशेने, म्हणजे बहुतेक उतारच, असा बेत आहे. मात्र दुसऱ्या दिवसाची चढाई एक ॲप 1,200 मीटर दाखवते, तर दुसरे 2,100. खरा आकडा कोणता मानावा? गटातील दोघे जण अगदी नवखे आहेत.

उत्तर : नदी उताराने जाते, म्हणून रस्ताही उताराने जाईल असे नाही. उभा कडा आडवा आला की रस्ता तळ सोडून माथ्यावर चढतो आणि एखादी उपनदी ओलांडण्यासाठी पुन्हा खाली उतरतो. फ्रान्समधील व्हेर्दों नदीच्या घळईत ला पालू गावातून निघून तेथेच परतणारा सुमारे 23 किलोमीटरचा प्रसिद्ध रस्ता आहे. त्यावर नदी सतत खाली, काही ठिकाणी जवळजवळ 700 मीटर खोल दिसते, पण तिच्या काठाला सायकल एकदाही लागत नाही.

दोन आकड्यांचे कारण सोपे आहे. बरीच ॲप्स उंची भूपृष्ठाच्या नकाशातील चौकटींवरून काढतात. कड्याला चिकटून जाणाऱ्या रस्त्याची नकाशातली रेघ दहा-वीस मीटर जरी सरकली, तरी ती कड्याच्या माथ्यावर जाऊन पडते. बोगद्यावर तर ॲप तुम्हाला सरळ डोंगर चढवते आणि उतरवते. अशा खोट्या चढांची बेरीज होऊन आकडा फुगतो. त्यामुळे 2,100 वर माझा विश्वास बसत नाही. त्याच रस्त्यावर कोणी हवेच्या दाबावर उंची मोजणारे यंत्र लावून केलेली नोंद मिळाली, तर ती प्रमाण माना.

पण 1,200 मीटरही थोडे नाहीत. सायकल आणि सामान धरून 95 किलो वजन 100 मीटर वर नेण्यासाठी, पायांतून 150 वॅट शक्ती सलग मिळाली तरी, दहा-बारा मिनिटे लागतात. म्हणजे निव्वळ चढाईचेच दोन ते अडीच तास झाले, आणि नवख्यांना त्याहूनही अधिक लागतील. शिवाय निरभ्र दिवशी दुपारनंतर तापलेल्या उतारांमुळे वारा बहुधा दरीच्या तोंडाकडून वर वाहतो, म्हणजे प्रवाहाच्या दिशेने जाणाऱ्यांच्या नेमका तोंडावर येतो. दुसऱ्या दिवसाचे अंतर 50 किलोमीटरवर आणावे आणि उजाडताच निघावे, असे मी सुचवीन. सर्वांत मागे राहण्याचे काम अनुभवी आणि मुख्य म्हणजे शांत स्वभावाच्या माणसाकडे द्यावे. प्रत्येक फाट्यावर तो येईपर्यंत कोणीही पुढे जाऊ नये.

प्रश्न : लांब उतारावर ब्रेक तापून ट्यूब फुटते, हे खरे आहे का?

उत्तर : रिमवर दाबणारे ब्रेक असतील, तर होय. वर धरलेलेच 95 किलो वजन 400 मीटर खाली आणताना सुमारे 370 किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. साधे लिटरभर पाणी उकळीला आणण्याइतकी. वेगात उतरणाऱ्याची बरीचशी ऊर्जा हवेचा रोध खातो. घाबरून ब्रेक सतत दाबून सावकाश उतरणाऱ्याची मात्र बहुतेक सगळी रिममध्ये जाते, म्हणून हा धोका धीट माणसापेक्षा सावध माणसालाच अधिक असतो. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक जोरात, पण थोडा वेळ दाबावेत, मग सोडून रिमला वारा लागू द्यावा. जळक्या रबराचा वास आला की थांबावे आणि रिमला लगेच बोट लावू नये; एकदा मी लावले होते, आणि त्या बोटाने पुढचे दोन दिवस गिअर बदलता आला नाही. डिस्क ब्रेकमुळे ट्यूब वाचते, तरी सतत दाबून धरल्यास तेही तापून ढिले पडतात. उतारावर दोन सायकलींत भरपूर अंतर ठेवावे. बोगदा आला, तर गडद चष्मा आत शिरण्यापूर्वीच काढावा आणि मागचा लाल दिवा दिवसाही लावलेला असावा.