आधी फोटो बघा, मग पैसे भरा

(कोपरखैरण्यात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवणाऱ्या आमच्या ताई या सदरात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. या वेळी सगळी पत्रं ई-चलानाचीच.)

प्रश्न : ताई, माझ्या स्कूटरवर विनाहेल्मेटचा ५०० रुपये दंड आल्याचा मेसेज आला. ठिकाण तीन हात नाका, वेळ दुपारी सव्वाबारा. त्या वेळी मी ऑफिसात होते आणि स्कूटर सोसायटीत उभी होती. मिस्टर म्हणतात, ५०० रुपयांसाठी कुठे हेलपाटे घालतेस, भरून टाक. भरू का?
– एक वाचक, कळवा

उत्तर : नका भरू. निदान फोटो बघेपर्यंत तरी नका. तुमच्या मिस्टरांसारखी माणसं माझ्या दुकानात रोज येतात. मोबाइल पुढे करतात आणि म्हणतात, "ताई, पटकन भरा, उशीर होतोय." मी आधी फोटो उघडते. काय सांगू, दहातल्या एखाद्याची तरी उशिराची घाई तिथेच संपते.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते आहे. माझी स्कूटी एमएच-४३, म्हणजे वाशी आरटीओची. मागे एकदा मला विरारहून नो पार्किंगचं चलान आलं. विरारला मी शेवटची गेले ती नणंदेच्या डोहाळजेवणाला, आणि तिचा मुलगा आता चौथीत आहे! फोटो उघडला तर त्यात काळी मोटरसायकल, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन. नंबर प्लेटवर वेलांट्या काढलेले फॅन्सी आकडे. नीट मोठं करून पाहिल्यावर कळलं, तो एमएच-४८ होता, म्हणजे वसई-विरारकडची गाडी. त्या नक्षीतला आठ कुणाला तरी तीन वाटला आणि पुढचे आकडे नेमके माझे निघाले.

तेव्हा मलाही वाटलं होतं, ५०० रुपयांचाच प्रश्न आहे, भरावेत. पण आपल्याकडे डिसेंबर २०२१ पासून दंडाचे नवे दर लागू झालेत. नो पार्किंगला पहिल्यांदा ५००, पुन्हा तेच केलं की १५००. त्या दूधवाल्याचा पहिला गुन्हा मी पत्करला असता, तर पुढे कधी माझ्याकडून खरंच चूक झाली असती तेव्हा ती माझी दुसरी ठरली असती. शिवाय पैसे भरले म्हणजे गुन्हा मान्य करून तडजोड केली, असाच त्याचा अर्थ होतो. नंतर "तो मी नव्हतेच" म्हणायला जागा राहत नाही.

तर आता करायचं असं. महाट्रॅफिक हे राज्याच्या वाहतूक पोलिसांचं अॅप घ्या, किंवा राज्याच्या ई-चलानाच्या साइटवर जा. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे का ते बघा. गाडीचा नंबर मधे जागा न सोडता लिहायचा. मग चॅसी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे मागतात, ते आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कार्डावर असतात. यादी उघडली की ज्या चलानाबद्दल शंका आहे त्याचा फोटो उघडा. तो मोबाइलवर बघू नका, कॉम्प्युटरवर मोठा करून बघा. रंग, आरसे, डिकीवरचं स्टिकर, चालवणाऱ्याचा चेहरा, आणि सगळ्यात शेवटी नंबर. लोक नंबरच आधी बघतात आणि घाबरतात. नंबर तुमचाच दिसणार, म्हणून तर चलान तुमच्याकडे आलंय!

गाडी तुमची नसेल तर अॅपमध्येच तक्रार करता येते. चलान क्रमांक, दोन ओळींचं कारण, तुमच्या गाडीचा पुढून आणि मागून फोटो, आरसी. कारण लिहिताना पोलिसांना शिकवायला जाऊ नका. "फोटोतली गाडी मोटरसायकल आहे, माझी स्कूटर आहे, नंबरमधला अमुक आकडा चुकीचा वाचला गेलाय," एवढं पुरतं. त्या वेळी तुम्ही ऑफिसात होतात, हे लिहिलंत तरी चालेल, पण त्याला फारसा अर्थ नाही. दंड गाडीवर येतो, गाडी कोण चालवत होतं हे ते विचारत नाहीत. माझं चलान तीन आठवड्यांनी यादीतून गेलं. त्या तीन आठवड्यांत मी एकदा जवळच्या वाहतूक कार्यालयात कागद घेऊनही जाऊन आले. तिथल्या हवालदारानं फोटो बघितला आणि तो दुधाचे कॅन बघून हसला. कागदावर मात्र पोच घेऊनच मी निघाले. पोच घ्या. तोंडी "होऊन जाईल" म्हणजे काहीही होत नाही.

कॅमेऱ्यानं पकडलं असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये १६७-अ हा नियम आला. त्यानुसार अशा गुन्ह्याची सूचना १५ दिवसांच्या आत पाठवायला हवी, आणि चलानावर ठिकाण, तारीख, वेळ आणि नंबर प्लेट दिसणारा पुरावा हवा. पोलिसानं हातातल्या मशीनवर काढलेल्या चलानाचं वेगळं असतं, तिथे आकडे माणूस टाइप करतो. पूर्वी काही जण स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढून ठेवायचे आणि नंतर सवडीनं चलान बनवायचे. त्यावर तक्रारी झाल्या, आणि २०२५ च्या जुलैत खासगी मोबाइल वापरू नये असा आदेशच निघाला.

तक्रार फेटाळली तर? तर कोर्टाचा रस्ता आहे. तुमची बाजू न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे मांडता येते. ५०० रुपयांसाठी कोर्टात जा असं मी कुणाला सांगत नाही, पण फोटो चक्क दुसऱ्या गाडीचा असेल तर जा.

आणि फोटोत गाडी तुमचीच निघाली तर गुपचूप भरा. मागे एक बाई दुकानात तावातावानं आल्या होत्या. पाम बीच रोडला आमची गाडी गेलीच नाही म्हणून. फोटो उघडला तर गाडी त्यांचीच, चालवणारा त्यांचा मुलगा, आणि मागे एक मुलगी बसलेली, दोघांनाही हेल्मेट नाही. बाई एकदम गप्प. दंड त्यांनी तिथल्या तिथे यूपीआयनं भरला. घरी त्या दिवशी दंडाबद्दल बोलणं झालं नसावं असा माझा अंदाज आहे.

प्रश्न : ताई, व्हॉट्सअॅपवर 'आरटीओ चलान' नावाची फाइल आली. मी दाबली. काहीतरी इन्स्टॉल झालं, मग नाहीसं झालं. अजून पैसे गेलेले नाहीत. आता काय करू?
– एक ज्येष्ठ नागरिक, नौपाडा

उत्तर : काका, हे पत्र संपादकांनी मला पोस्टानं न पाठवता फोनवर वाचून दाखवलं, आणि मी तुम्हाला त्याच संध्याकाळी निरोप धाडला होता. इतर वाचकांसाठी पुन्हा लिहिते. सगळ्यात आधी फोनचं इंटरनेट बंद करायचं. मग दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवून खातं आणि यूपीआय थांबवायचं. त्यानंतर १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. मग फोन दुकानात नेऊन पूर्ण रिसेट. या क्रमातच करा. फाइलच्या शेवटी 'एपीके' असलं की ते अॅप असतं, दंडाची पावती नव्हे. असं अॅप तुमचे मेसेज वाचतं, म्हणजे ओटीपी त्यांच्या हातात.

सरकारी दंडाचा मेसेज व्हॉट्सअॅपवरच्या कुणाच्या दहा आकडी नंबरवरून फाइल घेऊन येत नाही. तो एसएमएसनं येतो आणि २०२५ पासून सरकारी मेसेजच्या पाठवणाऱ्याच्या नावाला शेवटी 'जी' असतो. तोही खोटा वाटला तर लिंक दाबूच नका. वर सांगितल्याप्रमाणे स्वतः साइट उघडा. दंड खरा असेल तर तिथे दिसेलच.

प्रश्न : मी तीन वर्षांपूर्वी कोपरीतल्या ओळखीच्या माणसाला बाइक विकली. व्यवहार साध्या कागदावर झाला. आता माझ्या नावावर सात चलानं आहेत. तो म्हणतो, भरतो, पण भरत नाही.
– एक वाचक, ठाणे पूर्व

उत्तर : दादा, रागावू नका, पण चूक तुमची. साध्या कागदावर सही करून गाडी विकली जात नाही. फॉर्म २९ आणि ३० भरून आरटीओत नाव बदलावं लागतं, आणि विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. कायद्याच्या लेखी ती बाइक अजून तुमचीच आहे. सात चलानांवर सुटलात, हे नशीबच म्हणा. त्या बाइकनं कुणाला उडवलं असतं तर भरपाईसाठी दावेदार तुमच्याच दारात आले असते. नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सांगितलं आहे.

थकीत चलान असताना नाव बदलण्याचं काम पुढे सरकत नाही. तेव्हा त्या माणसाला फोन करत बसू नका. एका सकाळी त्याला सोबत घेऊन बसा. ई-चलानाच्या साइटवरच्या यादीत बघा, सगळे फोटो त्याचेच आहेत का. ती प्रिंट त्याच्यापुढे ठेवा. माझा अनुभव असा की "सात चलानं" म्हटल्यावर माणूस टाळाटाळ करतो, पण स्वतःचे सात फोटो बघितल्यावर पाकीट काढतो. नाही काढलं तर तुम्ही भरा, त्याच दिवशी नाव बदलायचे फॉर्म त्याच्या सहीनं दाखल करा, आणि हिशोब नंतर. आणि हो, आरटीओच्या नोंदीत मोबाइल नंबर कुणाचा आहे ते बघा. पुष्कळ गाड्यांना शोरूमवाल्यानं किंवा एजंटानं आपलाच नंबर टाकलेला असतो, मग मालकाला वर्षानुवर्षं मेसेजच येत नाही.

प्रश्न : लोकअदालतीत निम्मे पैसे भरून सुटका होते म्हणतात. तोवर थांबू का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : लोकअदालत म्हणजे दिवाळीचा सेल नव्हे. तिथे तडजोड होते, पण किती सूट मिळेल हे आधी कुणी लिहून दिलेलं नसतं, आणि एकदा तडजोड झाली की त्यावर अपील नाही. लोकअदालतीची नोटीस आली असेल तर अवश्य जा. नुसतं ऐकून थांबणार असाल तर मधे गाडी विकायची वेळ येईल, आणि मग माझ्याच दुकानात रात्री नऊला धावत याल. मी साडेआठला शटर ओढते.