ताण ‘येतो’ की ‘घेतला’ जातो?

प्रश्न असा आहे: ‘स्त्रियांच्या मेंदूवर ताणाचा वेगळा परिणाम होतो, कारण स्त्रिया जास्त ताण घेतात’ या वाक्यातलं ‘ताण घेणे’ बरोबर आहे का? आणि ताण व तणाव एकच का?

तणावाचं आधी उरकतो. तणाव दोघांच्या मधे असतो, ताण एकावर असतो. दंगलीनंतर गावात तणाव असतो, बांधावरून भावाभावांत तणाव असतो. पण डोळ्यांवर पडतो तो ताण. ‘मानसिक तणाव’ रूढ आहे, तरी मेंदूबद्दल लिहिताना मी ‘ताण’च लिहीन.

खरी मेख क्रियापदात आहे. ताण येतो, पडतो. काही आठवायचं असेल तर आपण डोक्याला ताण देतो. ‘घेणे’ आलं ते बहुधा हिंदीतल्या ‘टेन्शन मत ले’च्या मागोमाग. धीर देताना ‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हटलं तर माझी तक्रार नाही. पण ‘घेणे’ म्हटलं की घेणाऱ्याची मर्जी आली. चहा घेतो, रजा घेतो. नको असेल तर घेत नाही. कारण सांगणाऱ्या वाक्यात हे क्रियापद घातलं, की दोष सरळ बाईच्या पदरात पडतो.

आणि शरीराचा अनुभव वेगळाच आहे. ताण आला की मेंदूत सीआरएफ नावाचं रसायन स्रवतं आणि पेशींना सावध करतं. डेब्रा बँगासर आणि रीटा व्हॅलेंटिनो यांनी 2010 मध्ये उंदरांवरचं संशोधन प्रसिद्ध केलं. ताणानंतर नराच्या पेशी या रसायनाचे ग्राहक, म्हणजे त्याला पकडणारे रेणू, पृष्ठभागावरून आत ओढून घेत होत्या. जणू दार लोटून घ्यावं, तशा. माद्यांच्या पेशींत ते ग्राहक बाहेरच राहिले, शिवाय थोड्या रसायनानंही त्या चेतत होत्या. हे उंदरांत दिसलं, माणसात जसंच्या तसं असेलच असं नाही. पण यात ‘घेण्या’चा प्रश्न येतो कुठे? मादीनं काही जास्त घेतलं नव्हतं, तिला दार लोटता आलं नव्हतं.

माणसांबद्दल बोलायचं तर ताणाला शरीर ‘लढा किंवा पळा’ असं उत्तर देतं, हे आपण पाठ्यपुस्तकात शिकलो. शेली टेलर आणि सहकाऱ्यांनी 2000 साली दाखवून दिलं की 1995 पूर्वीच्या अशा प्रयोगशाळेतल्या अभ्यासांत स्त्रिया जेमतेम 17 टक्के होत्या. स्त्रियांमध्ये पिलांना जवळ घेणं आणि आपली माणसं गोळा करणं हाही प्रतिसाद ठळक असावा, असं त्यांनी मांडलं. त्याला मी मराठीत ‘जपा आणि जोडा’ म्हणतो.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘ताण दोघांवरही येतो, स्त्री आणि पुरुष यांचे मेंदू तो वेगवेगळ्या रीतीने पेलतात.’ ‘पेलणे’ला वजन आहे, आणि त्यात कुणावर ठपका नाही.